एका रुपयामागे किती उत्सर्जन? तीव्रतेचा आकडा काढताना आणि वाचताना

महाप्याच्या एका रसायन कंपनीत अकाउंट्स सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलंय: "भारताची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ३६ टक्क्यांनी घटली असं वाचनात येतं आणि एकूण उत्सर्जन वाढत असल्याचंही येतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? हा आकडा काढतात कसा? आमच्या मुख्य कार्यालयाने 'उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे उत्सर्जन' असा रकाना भरून मागितलाय. देशाचा आकडा आणि हा रकाना एकाच जातीचे का?"

ताई, दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. तीव्रता म्हणजे साधा भागाकार. वर हरितगृह वायूंचे टन, खाली अर्थव्यवस्थेने वर्षभरात निर्माण केलेलं मूल्य. खालचा आकडा वरच्यापेक्षा वेगाने वाढला की भागाकार घटतो, वरचा वाढत असला तरी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि तळोज्याच्या कारखान्यांचे ऊर्जेचे आणि कार्बनचे हिशेब मी अनेक वर्षं करतोय. या आकड्याबद्दलचे बहुतेक गोंधळ मला छेदात दिसतात. सगळे जण धुराकडे बघतात. रुपया कुठला, कुठल्या सालचा, उलाढालीचा की मूल्यवर्धनाचा, हे क्वचितच कुणी विचारतं. तुम्ही अकाउंट्समधल्या आहात, त्यामुळे ही बाजू तुम्हाला इंजिनिअरपेक्षा लवकर उमजेल.

आधी अंश. देशाचं उत्सर्जन कुणी प्रत्येक चिमणीला मीटर लावून मोजत नाही. किती इंधन जळलं याचा हिशेब घेतात आणि त्याला गुणक लावतात. पद्धत आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांची. नैसर्गिक वायूतून एक टेराज्यूल (लाख कोटी ज्यूल) उष्णता काढली की सुमारे ५६ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, डिझेलमधून ७४ टन आणि कोळशातून ९५ च्या आसपास. म्हणून बॉयलर कोळशावरून पीएनजीवर, म्हणजे नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर, नेला की उष्णता तीच राहून उत्सर्जन बरंच खाली येतं. इंधनाशिवायही काही आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक टन क्लिंकरमागे (दळून सिमेंट करतात तो भाजलेला माल) साधारण अर्धा टन, आणि भट्टीचं इंधन त्यावर वेगळं. भातखाचरं, गुरं आणि कचऱ्याचे ढीग मिथेन सोडतात, शेतात टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड येतो. हे सगळे वायू एका मापात आणायला प्रत्येकाला कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजन देतात. आयपीसीसीच्या पाचव्या मूल्यांकन अहवालात मिथेनचं वजन २८ आहे, नायट्रस ऑक्साइडचं २६५. जुन्या अहवालांमध्ये मिथेन २१ धरायचे. भात आणि जनावरं इतकी असलेल्या देशात २१ धरलं की २८, यानेच बेरीज बदलते. दोन सालांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे एकच वजन लावलंय का, हे बघायला हवं.

भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालात २०२० सालचं उत्सर्जन २९५.९ कोटी टन दिलंय. जंगलं आणि जमीन यांनी शोषून घेतलेला वाटा वजा केला की तेच २४३.७ कोटी टन होतं. म्हणजे जंगल धरायचं की नाही, एवढ्या एका निर्णयाने अंश सतरा-अठरा टक्क्यांनी हलतो. तीन चतुर्थांश उत्सर्जन ऊर्जेचं, त्याखालोखाल सुमारे १४ टक्के शेतीचं. तुम्ही वाचलेली ३६ टक्क्यांची घट याच अहवालातली, २००५ ते २०२० या काळाची. तिचं शेवटचं साल टाळेबंदीचं आहे, हे लक्षात असू द्या. त्या वर्षी उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ ८ टक्क्यांनी उतरलं होतं आणि जीडीपीही आपटला होता. अशा वर्षावरून कल ठरवू नये. त्याआधीच्या अहवालात २००५ ते २०१९ साठी ३३ टक्के घट दिली होती. मला तो आकडा अधिक भरवशाचा वाटतो, कारण २०१९ हे धड वर्ष होतं.

अंशात काय येत नाही हे पाहायचं असेल तर उलव्याकडे बघा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरअखेरीस तिथून विमानं उडू लागली. इथून नागपूरला जाणाऱ्या विमानाचं इंधन देशाच्या बेरजेत धरतात. परदेशी जाणाऱ्या विमानात इथेच भरलेलं इंधन मात्र वेगळ्या रकान्यात नोंदवतात, राष्ट्रीय बेरजेत ते मिळवत नाहीत. न्हावा-शेव्याहून परदेशी निघणाऱ्या जहाजांच्या इंधनाचंही तसंच. विमानतळाची आणि बंदराची कमाई, तिथल्या लोकांचे पगार, गोदामांची भाडी हे सगळं जीडीपीत मात्र जमा. नियम सगळ्या देशांना सारखाच असल्याने भारताने काही लपवलं असा याचा अर्थ नाही. पण अंशाची सीमा एक आणि छेदाची दुसरी, हे या विषयात ठायी ठायी भेटतं.

आता छेद. देशाच्या तीव्रतेसाठी स्थिर किमतींवरचा, म्हणजे एका ठरलेल्या आधारवर्षाच्या किमतींनी मोजलेला, जीडीपी घ्यावा लागतो. चालू किमतींचा घेतला तर नुसत्या महागाईने तीव्रता दरवर्षी चार-पाच टक्के घटलेली दिसेल आणि एक किलो कोळसाही वाचलेला नसेल. २०११-१२ च्या किमतींनी २०२०-२१ चा जीडीपी साधारण १३७ लाख कोटी रुपये होता. २९५.९ कोटी टनांना त्याने भागा, एका रुपयामागे २१-२२ ग्रॅम येतात. हा रुपया २०११-१२ चा, आजचा नव्हे.

स्थिर किमतींची मालिकासुद्धा जागची हलते. जानेवारी २०१५ मध्ये सांख्यिकी मंत्रालयाने आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ वर नेलं आणि मोजण्याची पद्धतही सुधारली. २०१३-१४ ची वाढ आधी ४.७ टक्के सांगितली होती, ती एका दिवसात ६.९ टक्के झाली. त्या वर्षी जळलेला कोळसा तेवढाच राहिला, विजेचे युनिट तेवढेच राहिले, फक्त भाजक वाढला. टाळेबंदीच्या वर्षाचंही तेच. जीडीपीची घट आधी ७.३ टक्के जाहीर झाली, सुधारत सुधारत ५.८ वर आली. अशा सुधारणा सगळेच देश करतात आणि त्या करायलाच हव्यात. मात्र एका आधारवर्षाची २००५ ची तीव्रता आणि दुसऱ्या आधारवर्षाची आजची तीव्रता शेजारी ठेवून टक्केवारी काढणं चूक आहे. मागची सगळी वर्षं नव्या मालिकेत ओढून घेतली तरच तुलना टिकते.

दोन देशांची तुलना करताना डॉलरचा प्रश्न येतो आणि तिथे आकडा अक्षरशः चौपट इकडेतिकडे होतो. ढोबळ हिशेब करू. २०२३ सालचं भारताचं उत्सर्जन ४०० कोटी टन धरा. बाजारातल्या विनिमय दराने आपला जीडीपी ३.६ लाख कोटी डॉलरच्या आसपास होता, म्हणजे एका डॉलरमागे १.१ किलो. अमेरिकेचं उत्सर्जन ६०० कोटी टन, जीडीपी २७ लाख कोटी डॉलरच्या वर, म्हणजे डॉलरमागे ०.२२ किलो. आपण पाचपट मळके ठरलो. पण ठाण्यात केस कापायला लागणारे पैसे आणि न्यूयॉर्कमध्ये लागणारे पैसे सारखे नसतात. कात्री तीच असते आणि कामही तेच. हा फरक काढून टाकण्यासाठी क्रयशक्तीच्या समतेने मोजलेला जीडीपी वापरतात. तो घेतला की भारताचा छेद १४ लाख कोटींच्या पुढे जातो, तीव्रता ०.२८ च्या घरात येते आणि अमेरिकेशी अंतर पाचपटीवरून सव्वापटीवर उतरतं. दोन्ही आकडे बरोबर आहेत. देशादेशांत प्रत्यक्ष किती माल आणि सेवा निर्माण झाल्या याची तुलना करायची असेल तर क्रयशक्तीचा छेद योग्य. बाजारदराचा आकडा कुणी भारताला झोडपायला वापरला, किंवा क्रयशक्तीचा वापरून आपण सगळं जिंकल्यासारखं सांगितलं, तर आधी तळटीप वाचावी. दरडोई पाहिलं तर भारतीय माणसाचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमीच आहे, हेही तिथेच सांगायला हवं.

तीव्रतेचं उद्दिष्ट ठेवणं ही काही भारताने काढलेली युक्ती नाही. अमेरिकेत जॉर्ज बुश यांनी २००२ मध्ये दहा वर्षांत तीव्रता १८ टक्क्यांनी उतरवण्याचं जाहीर केलं होतं. चीनने २००९ मध्ये ४० ते ४५ टक्के सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात, कोपनहेगन परिषदेच्या तोंडावर, तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लोकसभेत २०२० पर्यंत २० ते २५ टक्के घट करू असं सांगितलं. त्या वचनातून शेतीचं उत्सर्जन वगळलेलं होतं, तेव्हा त्या काळातले आकडे नंतरच्या आकड्यांना जोडताना सीमा तपासावी. २०१५ मध्ये पॅरिस हवामान करारासाठी २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्के ठरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते ४५ टक्के केले. भारताच्या या सगळ्या वचनांत आधाराचं साल २००५.

४५ टक्के ऐकायला मोठं वाटतं. गणित करून बघा. २००५ ते २०३० या पंचवीस वर्षांत अर्थव्यवस्था दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी वाढली असं धरलं तर ती ४.८ पट होते. तीव्रता ५५ टक्क्यांवर आली. दोन्हींचा गुणाकार २.६ च्या थोडा वर. उद्दिष्ट शंभर टक्के पुरं झालं तरी एकूण उत्सर्जन अडीच पटीहून अधिक झालेलं असेल. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या गुणाकारात आहे. आणखी एक हिशेब. पंधरा वर्षांत ३६ टक्के घट म्हणजे दरवर्षी सुमारे ३ टक्के. उरलेल्या दहा वर्षांत ३६ वरून ४५ वर जायला वर्षाला दीड टक्का पुरतो. म्हणजे आजवरच्या निम्म्या वेगाने चाललो तरी वचन पाळलं जाईल. मला हे खटकतं. तीव्रतेचं माप मला मान्य आहे. ज्या देशात अजून कोट्यवधी लोकांना धड घर, धड रोजगार आणि उन्हाळ्यात पंखा मिळायचा आहे, त्याने एकूण उत्सर्जनावर आजच मर्यादा घालावी असं म्हणणं अन्यायाचं आहे. पण वातावरणात टन साठतात, गुणोत्तर साठत नाही. या वर्षी ठाण्याच्या खाडीवर आणि कोकणच्या किनाऱ्यावर जो परिणाम होईल तो टनांचा होईल. म्हणून सरकारने, कंपनीने, कुणीही तीव्रता छापताना त्याच ओळीत एकूण टन छापलेच पाहिजेत, असा माझा आग्रह आहे. भारताने २०७० साठी जाहीर केलेलं निव्वळ शून्य (जेवढं सोडू तेवढंच शोषलं जाईल अशी स्थिती) तर टनांतच मोजावं लागणार आहे.

तीव्रता घटते कशाने? जपानी ऊर्जा अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी हे चार गुणकांत मांडलंय: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एका रुपयाच्या उत्पन्नाला लागणारी ऊर्जा आणि एका एकक ऊर्जेमागचा कार्बन. तीव्रता म्हणजे यातल्या शेवटच्या दोघांचा गुणाकार. चौथ्या गुणकाला सौर आणि पवनऊर्जेने खाली ओढलं. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्मेतर स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळसाच अजून फार पुढे आहे, क्षमता आणि युनिट यांत गल्लत करू नये. तिसऱ्या गुणकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. त्यात खरी बचत आहे: २०१५ पासून उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, २०१२ पासून 'पॅट' योजनेने मोठ्या कारखान्यांना टनामागे लागणाऱ्या ऊर्जेची उद्दिष्टं दिली. आणि त्यात अर्थव्यवस्थेचा बदललेला चेहराही आहे. कारखानदारीपेक्षा सेवा वेगाने वाढल्या की काहीही न सुधारता सरासरी खाली येते.

हा चेहरा बदलताना आपण डोळ्यांनी पाहिलाय. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्यापासून दिघ्यापर्यंत रसायनांचे, रंगांचे, औषधांचे कारखाने खेटून होते. वास नाकात भरल्याशिवाय बस पुढे जात नसे. आज ऐरोली, रबाळे, महापे इथे आयटी पार्क आहेत आणि त्यांच्या शेजारी डेटा सेंटर. ठाण्यात वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोडवर कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. सॉफ्टवेअरच्या एका कोटीमागचं उत्सर्जन रंगद्रव्याच्या एका कोटीमागच्या उत्सर्जनाच्या पासंगालाही पुरत नाही. पण ते रंगद्रव्य वापरणं आपण थांबवलेलं नाही. त्याचा बॉयलर गुजरातच्या किनाऱ्यावर किंवा आणखी कुठे पेटतोय. कारखाना राज्याबाहेर गेला तर महाराष्ट्राची तीव्रता घटते, देशाबाहेर गेला तर देशाची, पृथ्वीची कुठल्याच वाटेने घटत नाही. ब्रिटनने १९९० पासून उत्सर्जन निम्म्यावर आणलं आणि अर्थव्यवस्थाही वाढवली. कोळशाच्या वीजकेंद्रांना दिलेला निरोप त्यात खरा आहे, पण बाहेरून मागवलेल्या मालाचं उत्सर्जन त्या हिशेबात बसत नाही. घोडबंदरच्या मनोऱ्यांचंही असंच: घरांचं भाडं आणि घरमालकाने स्वतः राहत असलेल्या घराचं मानीव भाडं दोन्ही जीडीपीत जातात, त्या मनोऱ्यासाठी लागलेलं क्लिंकर मात्र चंद्रपूरकडच्या भट्टीत भाजलेलं असतं.

कधी आकडा उलट्या दिशेने फसवतो. मुरबाडच्या पाड्यावर चूल जाऊन गॅस आला की देशाच्या हिशेबात उत्सर्जन वाढतं, कारण लाकडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत आणि एलपीजीचा धरतात. त्या बाईच्या छातीतला धूर गेला, ही प्रगतीच आहे. तीव्रतेच्या आकड्याला ती दिसत नाही.

ठाणे जिल्ह्याची तीव्रता काढता येईल का, असं कॉलेजची मुलं प्रकल्पासाठी मला विचारतात. छेद मिळतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्न काढतं, चालू आणि स्थिर अशा दोन्ही किमतींनी. अडचण सीमेची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्या दिवसापर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेलं डहाणूचं ५०० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र आणि तारापूरचा सगळा रसायनपट्टा दुसऱ्या दिवसापासून ठाण्याच्या हिशेबातून गेला. २०१० आणि २०२० चे आकडे जोडून आलेख काढला तर ठाण्याने पराक्रम केल्यासारखं दिसेल. आणि वीज? डोंबिवलीच्या घरातला पंखा चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या कोळशावर फिरतो. जिल्ह्याच्या हद्दीत जळलेलं इंधनच मोजायचं तर ती वीज शून्य ठरते. म्हणून शहर किंवा जिल्हा पातळीवर वापरलेल्या विजेचं उत्सर्जन धरून एकूण टन आणि दरडोई टन काढा, असंच मी त्या मुलांना सांगतो. रुपयाचा छेद जिल्ह्याला लावण्यात फार अर्थ नाही.

आता तुमचा रकाना. सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणाऱ्या, अहवालात सूचिबद्ध मोठ्या कंपन्यांना उलाढालीच्या रुपयामागे ऊर्जा, पाणी आणि उत्सर्जन द्यावं लागतं. तुमचं मुख्य कार्यालय त्यासाठीच मागत असणार. एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. कारखाना कल्पनेतला आहे, पण आपल्या पट्ट्यात शोभेल असा. वर्षाला ६ लाख घनमीटर पीएनजी, प्रत्येकी साधारण २ किलो, म्हणजे १,२०० टन. जनरेटरचं डिझेल ३० हजार लिटर, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे ८० टन. चिलरमध्ये (थंड करणाऱ्या यंत्रात) वर्षभरात भरलेला आर-१३४ए वायू ४० किलो, त्याचं वजन १,३०० पट, म्हणजे ५२ टन. हे तिन्ही स्कोप १, म्हणजे कारखान्यातूनच थेट निघालेलं उत्सर्जन. महावितरणची वीज २० लाख युनिट, केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३-२४ साठी दिलेल्या ०.७२७ किलो या गुणकाने १,४५४ टन. हा स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन. बेरीज २,७८६ टन.

चिलरच्या वायूपाशी जरा थांबा. आर-१३४ए चा १३.६ किलोचा एक सिलिंडर गळून हवेत गेला तर तो साडेसहा हजार लिटर डिझेल जाळण्याइतका पडतो. तरी हा आकडा बहुतेक फॉर्मवर कोरा येतो, कारण तो स्टोअरच्या रजिस्टरमध्ये नसतो. एसीवाल्याच्या बिलात 'गॅस टॉप-अप' एवढंच लिहिलेलं असतं, किलो नाही. मेंटेनन्स खात्याला सांगून बिलावर वायूचं नाव आणि वजन लिहून घ्या. जुन्या यंत्रांत आर-२२ असेल तर तो क्योटो कराराच्या हरितगृह वायूंच्या यादीत नाही, ओझोनच्या थरासाठीच्या माँट्रिअल करारातला आहे, म्हणून या बेरजेत न मिळवता स्वतंत्र दाखवतात.

उलाढाल ४० कोटी असेल तर कोटीमागे जवळजवळ ७० टन, म्हणजे रुपयामागे ७ ग्रॅम. आणि देशाचे २१-२२ ग्रॅम. आपला कारखाना देशाच्या तिप्पट स्वच्छ, असं कुणी सादरीकरणात मांडण्याआधी तुम्ही थांबवा. देशाचा छेद मूल्यवर्धनाचा आहे: विक्रीतून विकत घेतलेला कच्चा माल आणि सेवा वजा केल्यावर जे उरतं ते. उलाढालीत दुसऱ्यांनी केलेलं कामही येतं. या कारखान्याचं मूल्यवर्धन ४० पैकी १० कोटी असेल तर तोच आकडा रुपयामागे २८ ग्रॅम होतो. शिवाय तुमचा रुपया आजचा, देशाचा २०११-१२ चा. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. दोन आकडे एकाच जातीचे नाहीत आणि शेजारी ठेवू नयेत.

उलाढालीचा छेद वर्षागणिक तुलनेतही दगा देतो. पुढच्या वर्षी उत्पादन तेवढंच, गॅस तेवढा, वीज तेवढी, फक्त मालाचा भाव १५ टक्क्यांनी चढला, तर उलाढाल ४६ कोटी आणि तीव्रता कोटीमागे ६०.६ टन. १३ टक्के 'सुधारणा'. कच्च्या तेलाशी भाव बांधलेल्या रसायनांत हे हमखास होतं, तेल भडकलं की अहवाल हिरवा आणि तेल उतरलं की लाल. जॉब वर्कचं त्याच्या उलट. माल पार्टीचा, तुमच्याकडे फक्त प्रक्रियेचे पैसे. उलाढाल चिमूटभर आणि बॉयलर दिवसरात्र चालू, म्हणजे तीव्रता भयंकर दिसणार, काम कितीही नेटकं असो. आणि जी कंपनी वाफ खाणारी पायरी बाहेर जॉब वर्कला देते तिचा स्कोप १ घटतो, तोच धूर चार गल्ल्या पलीकडे निघतो. अकाउंट्समध्ये बसून हे तुम्हाला जॉब वर्कच्या चलनांवरून दिसेल, इंजिनिअरला दिसणार नाही.

बीआरएसआरमध्ये क्रयशक्तीनुसार समायोजित उलाढालही मागतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या वर्षाचा गुणक घ्यायचा आणि रुपयांतल्या उलाढालीला त्याने भागायचं. भारतातल्या दोन कंपन्यांची तुलना यामुळे तसूभरही बदलत नाही, कारण दोघींना एकच गुणक लागतो. उपयोग परदेशी कंपनीशी तुलना करतानाच. हा गुणक वर्षागणिक बदलतो, तेव्हा कुठल्या वर्षाचा वापरला ते लिहा.

माझ्या मते कारखान्याला खरा छेद एकच: तयार मालाचा टन. वरच्या उदाहरणात वर्षाचं उत्पादन २,००० टन असेल तर टनामागे १.३९ टन. भाव चढला, रुपया घसरला, तरी हा हलत नाही. तो हलला तर बॉयलरमध्ये, वाफेच्या गळतीत, बॅचच्या वेळेत किंवा मालाच्या मिश्रणात काहीतरी बदललंय. केंद्र सरकारच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेनेही हाच छेद घेतलाय. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनिअम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन) आणि कागद या उद्योगांना दिलेली उद्दिष्टं उत्पादनाच्या टनामागे आहेत. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला, तोही मालाच्या टनामागचं उत्सर्जन विचारतो. पोलादाचे नट-बोल्ट त्याच्या यादीत आहेत, त्यामुळे रबाळ्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये ते बनवून युरोपला धाडणाऱ्या छोट्या कारखानदाराला हा हिशेब आज ना उद्या मांडावाच लागेल. अनेक प्रकारचा माल बनत असेल तर मात्र टनाचा छेदही अपुरा पडतो. हलका रंग आणि वाफ खाणारा मध्यस्थ पदार्थ एका बेरजेत आले की मिश्रण बदलल्यानेच आकडा हलतो. तिथे मालाच्या गटागणिक वेगळा हिशेब ठेवा.

रकाना भरताना खाली एक टीप जोडा. त्यात एकूण टन, स्कोप १ आणि २ वेगवेगळे, विजेचा गुणक कुठल्या वर्षाचा, उलाढाल जीएसटीविना घेतली आहे का, जॉब वर्क बाहेर दिलं असल्यास किती टन मालाचं, आणि तयार मालाच्या टनामागचं उत्सर्जन. विजेच्या गुणकाबद्दल विशेष सांगतो: २०२२-२३ साठी तो ०.७१६ होता, २०२३-२४ साठी ०.७२७ झाला. एकही युनिट जास्त न वापरता तुमचा स्कोप २ दीड टक्क्याने वाढलेला दिसेल आणि वरून 'का वाढलं' असा मेल येईल. तेव्हा दोन्ही वर्षांचे युनिट आणि दोन्ही गुणक एकाच तक्त्यात मांडून पाठवा. छतावर सोलर बसवलं असेल तर त्याचे युनिट वेगळ्या मीटरचे घ्या, महावितरणच्या बिलातल्या निव्वळ युनिटांवरून अंदाजाने काढू नका.